यार्डातील विद्युत इंजिन

धावती मालगाडी सर्वांना दिसते. पण तिची जुळणी जेथे होते, त्या यार्डाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आलेल्या वाघिणी सोडवणे, त्या ठरलेल्या रुळांवर नेऊन लावणे व त्यांतून नवी गाडी उभी करणे, या कामाला शंटिंग म्हणतात. शंटिंगच्या इंजिनाला वेग लागत नाही. लागतो तो जागेवरून निघतानाचा जोर. एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या सिरीज मोटरीत हा गुण उपजतच असतो. शिवाय कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या वाफेच्या इंजिनालाही कोळसा घालीत राहावा लागतो. विद्युत इंजिनाचा हा खर्च वाचतो.

मग सर्वच यार्डांत विद्युत इंजिने का आली नाहीत? अडचण इंजिनाची नव्हे, विजेच्या वाटेची आहे. यार्डात रुळांची दाटी असते. प्रत्येक रुळावर तार ओढणे खर्चाचे, आणि जेथे यारीने माल चढवावयाचा तेथे ती धोक्याचीही ठरते. बरे, जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून वीज द्यावी, तर यार्डात माणसे दिवसरात्र रूळ ओलांडीत असतात.

हा पेच इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे मोठ्या समंजसपणे सोडवला गेला. टाइन नदीच्या धक्क्यावरील यार्ड व वरच्या अंगाचे यार्ड यांना जोडणारा मार्ग जेमतेम सव्वा किलोमीटरचा. पण चढ २७ फुटांस १ फूट, वळणे अवघड आणि वाटेत बोगदे. वाफेचे इंजिन चढू लागले की बोगद्यात धूर कोंडे व त्यावरील माणसांना श्वास घेणे कठीण होई. म्हणून १९०५ मध्ये नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने तेथे दोन विद्युत इंजिने कामास लावली. बोगद्यांत तिसरा रूळ आणि यार्डांत, माणसांच्या पायांपासून दूर, डोक्यावर तार अशी योजना होती. दोन्हींतून वीज घेण्याची सोय प्रत्येक इंजिनावर केलेली होती. ही जोडी १९६४ पर्यंत राबली. पुढे ते काम डिझेल इंजिनांकडे गेले.

आपल्याकडील ‘खेकडा’ यार्डात आला तो उतारवयात. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२८ पासून बोर व थळ घाटांतील मालगाड्यांसाठी आणलेली ही २,६०० अश्वशक्तीची, पुढेमागे लांब नाकाडांची इंजिने. घाटात नवी इंजिने आल्यावर त्यांना मुंबईच्या यार्डांत शंटिंग मिळाले. तेथे त्यांच्यासाठी वेगळी तार ओढावी लागली नाही. ती आधीच होती.