शाळेतील लहान पंचायत

जून महिन्याच्या मध्यास मराठवाड्यात पेरणीची घाई असते. कोणी तिफण दुरुस्त करितो, कोणी सोयाबीनचे व कापसाचे बियाणे आणावयास तालुक्याच्या गावी जातो. ह्याच दिवसांत शाळाही उघडतात, आणि परभणी जिल्ह्यातील कित्येक जिल्हा परिषद शाळांत आणखी एक पेरणी होते. तिकडे वडील माणसांचे लक्ष क्वचितच जाते. मुले आपल्यांतून आपले मंत्रिमंडळ निवडितात. उमेदवार उभे राहतात. कोणाची निशाणी छत्री, कोणाची चेंडू, कोणाची पाटी. वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, पुठ्ठ्याची पेटी, बोटास शाई, आणि सर्वांच्या देखत मोजणी. मग कोणी मुख्यमंत्री होतो, कोणी स्वच्छतेचा, कोणी आरोग्याचा, कोणी आहाराचा, कोणी खेळाचा मंत्री होतो.

ओट्यावर बसलेली वडील मंडळी हे पाहून हसते व म्हणते, “पोरखेळ आहे, चालू द्या.” हा खरोखर पोरखेळ आहे काय? की ज्या वयात स्वभाव ओल्या मातीसारखा असतो, त्या वयात गावाचा पुढचा सरपंच, पुढची सेविका, पुढचा पंच घडविण्याचे हे काम आहे? ह्या पाठात आपण ह्याच प्रश्नाचा विचार करू.

शाळा हा पहिला समाज

मूल जन्मते ते घरात. परंतु जे आपल्या नात्याचे नाहीत अशांबरोबर नित्य राहावयास ते प्रथम शिकते ते शाळेत. आमची गावे आळ्यांनी वाटलेली आहेत. गोदावरीकाठच्या गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत कोठेही जा. ही आळी अमुकांची, तो वाडा तमुकांचा, हे कोणासही सांगावे लागत नाही. शाळेची सतरंजी मात्र एकच असते. तीवर कोणी कोणाजवळ बसावे, हे जर गावच्या रीतीने ठरले, तर शाळा गावाची नक्कल झाली. आणि जर ते शाळेच्या न्यायाने ठरले, तर गावास शिकविणारी एक जागा निर्माण झाली.

ही गोष्ट लहान नाही. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेविषयी लिहून ठेविले आहे की, त्यांस वर्गात निराळे गोणपाट घेऊन बसावे लागे, आणि शिपायाने नळ उघडून दिल्याशिवाय पाणी पिता येत नसे. शिपाई नसला की तहान तशीच राही. ज्या वर्गात हे घडत होते, त्यात इतरही मुले होती. ती सर्व दुष्ट होती असे नव्हे. परंतु उठून तोटी सोडावी, हे त्यांस कोणी शिकविले नव्हते. पुढारीपणाचा पहिला धडा येथे आहे. सर्वांच्या पुढे चालणे हा पुढचा धडा. ज्याच्यासाठी कोणी उठत नाही त्याच्यासाठी उठणे हा पहिला.

१९५० साली अंमलात आलेल्या आमच्या राज्यघटनेने अस्पृश्यता नाहीशी केली. परंतु घटनेचे कलम रांजणापर्यंत व जेवणाच्या पंगतीपर्यंत आपोआप चालत येत नाही. कोणी तरी ते रोज तेथे आणावे लागते. आणि शाळेत ते आणणारा हात मुलाचाच असतो.

मॉनिटर व त्याची छडी

मुलांकडून मुलांस सांभाळविण्याची कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचे अधिकारी होते. तेथील देशी शाळांत मुले वाळूवर अक्षरे काढून एकमेकांस शिकवितात, हे त्यांनी पाहिले व तीच रीत आपल्या शाळेत चालविली. १७९७ साली त्यांनी तिची हकीकत प्रसिद्ध केली. आणि जी रीत आमच्या देशातील ओसरीवर जन्मली, ती विलायतेत “मद्रासची पद्धत” म्हणून पसरली. ह्याच काळात जोसेफ लँकेस्टर ह्यांनीही तशीच पद्धत लंडनमध्ये चालविली. एक गुरुजी, शेकडो मुले, आणि मध्ये मॉनिटर. हा शब्द आमच्या खेड्यांतील शाळांत अद्यापि जिवंत आहे.

ह्या पद्धतीत एक गुण होता व एक दोष होता. मोठ्या मुलाने लहानास शिकविले म्हणजे दोघेही शिकतात, हा गुण. ज्या शाळेत चार-पाच इयत्ता व दोनच शिक्षक असतात, तेथे त्याची आजही गरज पडते. परंतु मॉनिटर शिकविण्याचे सोडून राखण करू लागतो, हा दोष. “बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिही” असे सांगून गुरुजी कार्यालयात गेले, की खडू हाती असलेल्या मुलाचा स्वभाव पाहावा. मित्राचे नाव तो लिहीत नाही. ज्याने काल पेरू दिला नाही, त्याचे प्रथम लिहितो. अधिकार कसा वापरू नये, हे तो असा शिकतो. आणि पुढे ग्रामपंचायतीत गेल्यावर तेच करितो. मग आपण म्हणतो, राजकारण बिघडले! ते बिघडले पुष्कळ आधी, चौथीच्या वर्गात.

दोन चांगली उदाहरणे

आमच्याच महाराष्ट्रात ह्याहून चांगली उदाहरणे आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढिले. ज्या साताऱ्यात एका मुलास नळास हात लावता येत नव्हता, त्याच साताऱ्यात निरनिराळ्या जातींची व धर्मांची मुले एकत्र राहू लागली, एकत्र स्वयंपाक करू लागली, एका पंगतीस जेवू लागली. श्रमाचे काम मुलांनीच करावयाचे, असा तेथील नियम होता. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते ह्या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले.

दुसरे उदाहरण खानदेशातील अमळनेरचे. तेथील प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते, व छात्रालयाची व्यवस्थाही पाहत. मुलांनी खोली झाडली नाही तर ते रागावत नसत, स्वतःच झाडीत. मुलांचे कपडे धूत, दिवे पुसून ठेवीत. मुलांसाठी ते हाताने लिहून एक दैनिकही काढीत. मुलांस लाज वाटे व दुसऱ्या दिवशी केरसुणी त्यांच्या हाती येई. आज्ञेने जे झाले नसते ते उदाहरणाने झाले.

ह्या दोन्ही ठिकाणी सत्ता व सेवा ही निराळी नव्हती. जो पुढारी, तोच पाणी भरणारा. मुलांच्या मंत्रिमंडळाचा सर्व अर्थ ह्यात आहे.

कायद्याचा आधार

कोणी म्हणेल, हे सर्व गुरुजींच्या मर्जीवर आहे. तसे नाही. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार संमत केला. त्याच्या बाराव्या कलमात असे आहे की, ज्या गोष्टीचा मुलाशी संबंध आहे तीविषयी आपले मत मांडण्याचा त्यास हक्क आहे, व वय आणि समज पाहून त्या मतास मान द्यावा. भारताने हा करार १९९२ साली मान्य केला. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा करण्यास व मुलाचा मानसिक छळ करण्यास मनाई केली, आणि शाळा व्यवस्थापन समिती नेमावयास लाविले. तीत तीन चतुर्थांश सभासद आईबाप अथवा पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. महाराष्ट्राने आपले नियम करिताना विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींसही तीत जागा दिली. तेव्हा मुलांचे बोलणे ऐकून घेणे ही गुरुजींची कृपा नव्हे. ते त्यांचे कर्तव्य आहे, आणि आपलेही.

काम कसे वाटावे

ज्या पदास काम नाही ते पद मुलास पोकळ करिते. म्हणून प्रत्येक मंत्र्यास असे काम द्यावे की, ते न झाल्यास त्याच दिवशी दिसून येईल.

आहारमंत्र्याचे काम घेऊ. दुपारच्या जेवणासाठी पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे, व सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम. पाचवीपर्यंतच्या शाळेत आज चाळीस मुले हजर असतील, तर चार किलो तांदूळ शिजला पाहिजे. मंत्र्याने हजेरी मोजावी, हिशेब करावा, व स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या मापाशी ताडून पाहावा. ह्यात गणित आले, निर्भयता आली, आणि मोठ्यांशी आदराने पण खरे बोलणेही आले. पंगतीत कोण कोठे बसले, शेवटच्या मुलापर्यंत वरण पोहोचले की नाही, हेही त्यानेच पाहावे. आणि स्वतः शेवटी जेवावे.

काही नियम सर्वांसाठी सांगून ठेवितो. मंत्र्याने कोणास मारू नये, दंड करू नये, नावे लिहून देऊ नयेत. झाडण्याचे काम मुलींकडे व मुख्यमंत्रिपद मुलांकडे अशी वाटणी होऊ देऊ नये. कामे महिन्याच्या महिन्यास फिरवावीत. शौचालयाची स्वच्छता एकाच आळीच्या मुलांवर टाकणे हे तर पाप समजावे. चूल, वीज व विहीर ही कामे मोठ्यांचीच. आणि महिन्यातून एकदा सर्व शाळेची सभा भरवून प्रत्येक मंत्र्याने “मी काय केले व काय राहिले” हे उभे राहून सांगावे. “काय राहिले” हे सांगावयास जो मुलगा शिकला, तो पुढे हिशेब लपविणारा पुढारी सहसा होत नाही.

कोयत्याची परीक्षा

परभणी जिल्ह्यातील शाळेची खरी परीक्षा दिवाळीच्या सुमारास होते. गंगाखेड, पालम, सोनपेठ इत्यादी तालुक्यांतून पुष्कळ कुटुंबे उसाच्या तोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. टोळी निघाली की मुलेही ट्रॅक्टरवर बसतात, व फाल्गुन-चैत्रापर्यंत परतत नाहीत.

असे समजू या की, चौथीतील एका मुलीस मुलांनी पाणीमंत्री निवडिले आहे. रोज सकाळी माठ विसळणे, पाणी फडक्यातून गाळणे, ओगराळे खुंटीस टांगणे व कोणाचाही हात माठात बुडू न देणे, हे तिचे काम. जो येईल त्याने त्याच ओगराळ्याने पाणी घ्यावे, हा तिचा नियम. तिने तो चार महिने चालविला. आता तिची माय म्हणते, “चल, धाकट्याला कोण धरील?” अशा वेळी शाळेने काय करावे?

बहुतेक ठिकाणी असे होते की, दुसऱ्या दिवशी दुसरी मंत्री नेमली जाते, व आठ दिवसांत त्या मुलीचे नाव कोणी काढीत नाही. चैत्रात ती परतली तरी शाळेच्या दारात लाजत उभी राहते. वर्ग पुढे गेला, जागा गेली. मग तीही जाते, आणि पुढच्या वर्षी कोयता तिच्याच हाती येतो.

ह्याहून चांगला मार्ग आहे. निघण्यापूर्वी सभा भरावी. तिने आपले काम सर्वांदेखत दुसऱ्या मुलीस सोपवावे, व ती दुसरी “परत येईपर्यंत” ते सांभाळणारी म्हणून नेमावी. गुरुजींनी तिला शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत तिला बसवून घेता येईल. त्याहून बरे हे की, व्यवस्थापन समितीने तिच्या घरी जावे व तिला आजीजवळ ठेवून हंगामी वसतिगृहात तिची सोय होते काय ते पाहावे. शासनाची ही योजना स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठीच आहे. आणि हे सर्व होऊनही ती गेलीच, तर हजेरीत रोज तिचे नाव उच्चारले जावे.

ज्या समाजात गेलेल्याची जागा राखून ठेविली जाते, त्यासच समाज म्हणावे. इतर सर्व नुसती गर्दी आहे.

आपण काय करावे

वाचकहो, आपणांपैकी पुष्कळ जण खेड्यात राहता. काही गावोगाव फिरून शिकविता. आपणांस शाळेत अधिकार नसेल, पण आवाज आहे. समितीच्या सभेस जावे. मुलांचे मंत्री आपले म्हणणे मांडीत असता हसू नये. घरी आलेल्या मुलास “किती गुण पडले?” एवढेच न विचारता “आज कोणाच्या उपयोगी पडलास?” असेही विचारावे. आणि टोळी निघण्याच्या आधी, दसऱ्यालाच, आपल्या आळीतील कोणती मुले जाणार ह्याची यादी करून गुरुजींकडे न्यावी. दिवाळीनंतर ते काम करू म्हटले, तर ट्रॅक्टर निघून गेलेला असतो.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या शाळेत पाणी व जेवण ह्यांबाबत सर्व मुलांस सारखी वागणूक मिळते काय? हे आपण स्वतः पाहिले आहे, की ऐकले आहे?

२. मॉनिटर व मंत्री ह्यांत भेद कोणता? आपल्या घरात मोठे भावंड धाकट्यांशी ह्यांपैकी कोणासारखे वागते?

३. मागील वर्षी आपल्या गावातून किती मुले तोडीस गेली? त्यांपैकी किती पुन्हा शाळेत बसली?

४. आपण ज्या कोणत्या मंडळात पुढारी आहा, तेथे “काय राहिले” हे आपण शेवटचे केव्हा सांगितले?