हा आयपी पत्ता कोणाचा?

प्रश्न : गावात माझे ऑनलाइन सेवा केंद्र आहे. राउटरच्या नोंदींत एका अनोळखी आयपी पत्त्यावरून रात्रभर लॉगिनचे प्रयत्न दिसतात. हा पत्ता कोणाचा, हे स्वतः शोधता येईल का?
– एक वाचक, धर्मापुरी (जि. बीड)

उत्तर : जरूर येईल. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'हूइज' ही आज्ञा देऊन पुढे तो पत्ता टाका. नसल्यास त्याच नावाचे पॅकेज बसवा. उदाहरणार्थ, ८.८.८.८ विचारलात तर मालक म्हणून गूगलचे नाव येते. भारतातील पत्त्यांच्या नोंदी 'एपनिक' आणि 'इरिन' या नोंदणी संस्थांकडे असतात.

मार्ग पाहायचा असेल तर 'हूइज -एच हूइज.आरएडीबी.नेट' लिहून पुढे पत्ता द्या. 'ओरिजिन'समोर नेटवर्कचा ओळख क्रमांक, म्हणजे एएस क्रमांक, दिसेल. गूगलचा एएस १५१६९ आहे. वाटेतले टप्पे 'ट्रेसरूट' दाखवते. विंडोजवर 'ट्रेसर्ट' लिहावे.

मात्र १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता बहुधा तुमच्याच केंद्रातल्या यंत्राचा असतो. आधी तिथे शोधा.

उत्तरात कंपनी कळते, माणूस नाही. नोंदीतले शहरही बहुधा कंपनीच्या कार्यालयाचे असते. त्यामुळे त्यावरून कोणावर आळ घेऊ नका. एकच पत्ता अनेक मोबाइल ग्राहक वापरतात. म्हणून तारीख, अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक टिपून नोंदीतल्या 'अब्यूज' ईमेलवर तक्रार पाठवा.

त्याआधी राउटरचा पासवर्ड बदला, बाहेरून लॉगिनची सोय बंद करा. पैशांची फसवणूक झाली असेल, तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा.