पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरची शुश्रूषा

डोळ्याच्या आतील दृष्टिपटलास आपल्याकडे बोलीभाषेत ‘पडदा’ म्हणतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता घरोघरी परिचित आहे. थोड्याच दिवसांत मनुष्य अंगणात हिंडूफिरू लागतो. पडद्याच्या शस्त्रक्रियेचे तसे नाही, आणि या तुलनेमुळेच घोटाळा होतो. “मोतीबिंदूला एवढे पथ्य नव्हते,” असे म्हणून घरची वडीलधारी मंडळीच रुग्णास प्रेमाने उताणे निजवितात.

पडद्यास छिद्र पडून त्यातून द्रव मागे शिरला, की पडदा सुटतो. ते छिद्र हेच मूळ कारण असून ते बंद केले पाहिजे, हे स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल गोनिन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. 1970 च्या दशकात रॉबर्ट माखेमर यांच्या कार्यामुळे व्हिट्रेक्टमी ही शस्त्रक्रिया रूढ झाली. तीत डोळ्यातील जेलीसारखा काचाभ द्रव काढून त्या जागी बहुधा वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. लेझरने छिद्राभोवती केलेला सांधा पक्का होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तोवर आतून आधार देण्याचे काम त्या बुडबुड्याचे.

गवंड्याच्या पाणसळीतील बुडबुडा जसा सदैव वर जातो, तसाच हाही. म्हणून छिद्र जेथे असेल ती बाजू वर यावी, अशी मान ठेवावी लागते. मध्यबिंदूतील छिद्रासाठी चेहरा जमिनीकडे; कडेच्या छिद्रासाठी उजवी वा डावी कूस, किंवा बसून राहणे. कोणती स्थिती व किती दिवस, हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच सांगतील. शेजारच्या रुग्णाचे पाहून ठरवू नये. वायू असताना उताणे मात्र झोपू नये, कारण बुडबुडा पुढे येऊन नेत्रभिंगास लागतो. मोतीबिंदू वाढतो व दाबही चढू शकतो.

खाली मान घालून दिवस काढणे दिसते तितके सोपे नाही. छातीखाली उशी घ्यावी, कपाळ घडी केलेल्या टॉवेलवर टेकावे, किंवा मेजावर हात ठेवून त्यांवर डोके ठेवावे. जमिनीवर बसून खाली ठेवलेल्या ताटात जेवण्याची आपली जुनी रीत येथे फार उपयोगी पडते. डॉक्टरांनी मुभा दिल्याप्रमाणे मधूनमधून उठून चालावे. भेटीस येणाऱ्यांनीही खालीच बसावे; त्यांच्याकडे पाहण्यासाठी रुग्णाने मान वर का करावी?

बुडबुडा जिरू लागला, की नजरेत एक हलती रेषा दिसते व ती हळूहळू खाली सरकते. ही घाबरण्याची गोष्ट नव्हे. सल्फर हेक्झाफ्लोराइड सुमारे दोन आठवड्यांत, तर परफ्ल्युरोप्रोपेन सहा ते आठ आठवड्यांत जिरतो. तोवर विमानप्रवास वर्ज्य आहे. घाटाचे काय, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. अहिल्यानगर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे. मुंबईस शस्त्रक्रिया करून माळशेज घाटाने परतणाऱ्याच्या डोळ्यातील वायू उंचीबरोबर प्रसरण पावतो व दाब वाढतो. पुण्याहून येताना चढ अल्प आहे. तरीही निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. या काळात अन्य कोणत्याही कारणाने भूल द्यावयाची झाल्यास डोळ्यात वायू असल्याचे आधी सांगावे, कारण नायट्रस ऑक्साइडने बुडबुडा फुगतो.

थेंब घालण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. दोन औषधांत किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. डोळ्यात पाणी, धूर व धूळ जाऊ देऊ नये. नागापूर व एमआयडीसी परिसरातील कामगार बंधूंनी डॉक्टरांच्या परवानगीवाचून पाळीवर जाऊ नये, दुचाकीही चालवू नये. थोडी टोचणी व लाली अपेक्षितच आहे. परंतु वेदना वाढत जाणे, दुखण्यासह उलटी, पू, नजर अकस्मात कमी होणे किंवा कडेने काळी सावली सरकत येणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

सिलिकॉन तेल आपोआप जिरत नाही. डॉक्टर बहुधा तीन ते सहा महिन्यांनी ते दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढतात. नजर बरी वाटू लागली, की खर्चाच्या भीतीने कित्येक कुटुंबे ही तारीख टाळतात. राहिलेल्या तेलाने पुढे काचबिंदू जडू शकतो. देणगीदारांनी पहिल्या शस्त्रक्रियेस साहाय्य करताना या दुसऱ्या शस्त्रक्रियेची व मधल्या तपासण्यांच्या गाडीभाड्याची तरतूदही त्याच वेळी करावी, असे आम्हांस वाटते.