सुलभ प्रसूतीची नऊ महिन्यांची तयारी

प्रसूती ही निसर्गक्रमाने घडणारी घटना होय. परंतु नैसर्गिक म्हणजे तयारीवाचून आपोआप पार पडणारी, असा जो समज अनेक घरांत रूढ आहे, तो मातांना वेळोवेळी महाग पडला आहे. पीक निसर्गच देतो. तरीही वेळेवरची नांगरट, चांगले बियाणे आणि पाण्याची पाळी यांवाचून ते हाती लागत नाही. गर्भवतीच्या शरीराचेही तसेच आहे. कळा काही तासांच्या असतात, पण त्या सोसण्याचे बळ आधीच्या नऊ महिन्यांत साठवावे लागते.

आज या प्रश्नाला दोन बाजू आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातील १७.२ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेले. यांतील अनेक शस्त्रक्रियांनी माता व बालके वाचली, हे निर्विवाद आहे. तथापि ज्या शस्त्रक्रिया टाळता येण्याजोग्या होत्या, त्यांमागे भीती, अज्ञान आणि अपुरी तयारी यांचाही वाटा असतो. दुसऱ्या बाजूस, त्याच सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ४५.७ टक्के होते. सुलभ प्रसूतीचा विचार म्हणूनच रक्तापासून सुरू करावा लागतो.

कमी खाल्ल्याने प्रसूती सोपी होत नाही

गर्भवतीने पोटभर खाल्ले तर बाळ मोठे होते आणि बाळंतपण अडते, अशी समजूत ग्रामीण भागात आजही आढळते. त्यामुळे ज्या काळात तिच्या ताटात चार घास अधिक पडावेत, त्याच काळात ते कमी केले जातात. परिणाम नेमका उलट होतो. बाळ अशक्त व कमी वजनाचे जन्मते आणि आईला कळा देण्याचे त्राण उरत नाही. गर्भाशय हा एक स्नायू आहे व त्यालाही पोषण लागते. सशक्त माता प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव बहुधा सोसू शकते. रक्तक्षय झालेल्या मातेच्या जिवावर मात्र तेवढाच रक्तस्राव बेतू शकतो.

गर्भवतीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे किमान ११ ग्रॅम हिमोग्लोबिन असावे. त्यासाठी पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक आम्लाची गोळी आणि चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज लोह व फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. हा क्रम बाळंतपणानंतरही तितकेच दिवस चालवावयाचा असतो. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, गोळी व लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नयेत, कारण त्यामुळे लोह अंगी लागत नाही. जेवणास लागून घेतलेला चहाही लोहाचे शोषण रोखतो. गोळीने शौचास काळी होते किंवा मळमळते म्हणून ती बंद न करता परिचारिकेचा सल्ला घेऊन वेळ बदलावी.

स्वयंपाकघरातील साठा

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार गर्भवतीस रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध एवढाच साधारणतः हा वाढावा आहे. यासाठी महागडी फळे किंवा डब्यातील भुकटी आणण्याचे कारण नाही. बाजरी व नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, हुलगे, चवळी, राजगिऱ्याची व शेवग्याची पाने, शेंगदाणे, तीळ आणि परवडेल तसे दूध, अंडी वा मासळी हा आहार पुरेसा सकस ठरतो. पालेभाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणात आवळा ठेवला, तर त्यातील लोह अधिक प्रमाणात अंगी लागते.

गर्भवतीच्या आहाराचा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तो महिनावार मांडलेला आहे. डोहाळजेवणाच्या प्रथेमागेही तिला आवडीचे व पोटभर मिळावे हाच हेतू दिसतो. मात्र एका दिवसाच्या कौतुकाने नऊ महिन्यांची भूक भागत नाही. सर्वांना वाढून उरेल ते तिने खावे, ही रीत ज्या घरात मोडते, तेथे सुलभ प्रसूतीची पहिली पायरी चढली जाते.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

पूर्वीच्या बायका दळण-कांडण करीत, म्हणून त्यांची बाळंतपणे सहज होत, असे सांगितले जाते. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. हालचालीने स्नायू सशक्त राहतात हे खरे. परंतु अर्धपोटी डोक्यावर हंडे वाहणे आणि दिवसभर वाकून निंदणी करणे हा व्यायाम नव्हे, ती झीज होय. शेतात राबणाऱ्या स्त्रीला अधिक व्यायामाची नव्हे, तर विश्रांतीची गरज असते. रात्रीची आठ तासांची झोप आणि दुपारी दोन तास आडवे होणे हा तिचा हक्क मानला पाहिजे. उत्तरार्धात उताणे न झोपता कुशीवर झोपावे.

याउलट ज्यांचे काम बैठे आहे, त्यांनी आठवड्यास एकूण १५० मिनिटांची मध्यम हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. रोज अर्धा तास चालणे हा त्यातील सर्वांत निर्धोक मार्ग. बद्धकोनासनाने मांड्यांचे स्नायू सैल होतात, मार्जारासनाने कंबरेस आराम पडतो, तर लघवी रोखताना आवळतात ते ओटीतळाचे स्नायू आवळून सोडण्याचा सराव पुढे उपयोगी पडतो. चालताना बोलता येईल इतपतच दम लागावा, ही सोपी कसोटी. रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, वार खाली असणे किंवा मुदतीपूर्वी कळांची शक्यता असल्यास डॉक्टरांच्या अनुज्ञेवाचून कोणताही व्यायाम करू नये.

भीती, श्वास आणि सोबत

ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये आपल्या ग्रंथातून नैसर्गिक प्रसूतीची कल्पना मांडली. भीतीने शरीर ताठरते, ताठरल्याने वेदना वाढतात आणि वेदनांनी भीती आणखी वाढते, हे चक्र त्यांनी दाखवून दिले. पुढे फ्रान्समध्ये फर्नांड लामाझ यांनी सोव्हिएत डॉक्टरांची पद्धत १९५१ मध्ये पाहून श्वसन व शिथिलीकरणाचे शिक्षण पॅरिसमध्ये सुरू केले. सर्व वेदना भीतीतूनच येतात असे आज कोणी मानीत नाही. पण काय घडणार आहे हे आधी समजलेली स्त्री अधिक धीराने कळांना सामोरी जाते, हा अनुभव टिकून आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतिसेवेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत संथ श्वसन, शिथिलीकरण, पाठीचा मसाज व गरम शेक यांना स्थान आहे. निर्धोक प्रसूतीत मातेस हिंडू-फिरू द्यावे, पाणी व हलका आहार द्यावा, सोयीची स्थिती घेऊ द्यावी आणि तिच्या पसंतीची सोबतीण जवळ असू द्यावी, असेही त्यांत म्हटले आहे. कळांच्या काळात अखंड आधार मिळालेल्या स्त्रियांत शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी आढळते. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत अशा सोबतीस मान्यता दिली. पहिलटकरणीने पस्तिसाव्या आठवड्यापासून परिचारिकेकडून पद्धत समजून घेऊन योनिमुखालगत हळुवार मसाज केल्यास टाके पडण्याचा संभव काहीसा घटतो.

पूरक उपचारांची मर्यादाही ओळखली पाहिजे. कळा याव्यात म्हणून एरंडेल पिणे, अनोळखी काढे घेणे, पोट दाबणे किंवा घरी कळा वाढविण्याचे इंजेक्शन टोचून घेणे हे प्रकार घातक आहेत. अशा इंजेक्शनाने गर्भाशय फाटण्याचा व बाळ गुदमरण्याचा धोका असतो.

तयारीची शेवटची पायरी

नैसर्गिक प्रसूती म्हणजे रुग्णालयाविना प्रसूती नव्हे. दरमहा ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासणी होते. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार व वाहन यांचा भार शासनाने उचलला आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात पावसाळ्यात पर्लकोटेसारख्या नद्यांना पूर आला की गावांचा संपर्क तुटतो. तेथे आरोग्य केंद्रालगतच्या माहेरघरात गर्भवतीने काही दिवस आधीच नातलगासह येऊन राहावे, अशी सोय करण्यात आली आहे.

अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे किंवा पाणमोट फुटणे यांपैकी एकही लक्षण दिसताच क्षणाचाही विलंब न लावता १०२ किंवा १०८ क्रमांकावर वाहन बोलवावे. वाहन, सोबत, रक्तगट आणि थोडे पैसे यांची व्यवस्था आठव्या महिन्यातच लावून ठेवावी.

२०१८-२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. राज्याने मोठी मजल मारली, हे यावरून दिसते. पण त्या ३३ घरांतील मुले आईविना राहिली, हेही विसरता येत नाही. सर्व तयारी करूनही एखाद्या मातेस शस्त्रक्रिया लागली, तर तो तिचा पराभव नव्हे. चांगले रक्त आणि सशक्त शरीर शस्त्रक्रियेतही तिच्या कामी येते. गर्भवतीच्या ताटातील एक भाकरी वाढविणे, तिच्या डोक्यावरील एक हंडा उतरविणे आणि तिच्या मनातील एक भीती दूर करणे, एवढे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. सुलभ प्रसूतीची तयारी एकट्या गर्भवतीने करावयाची नसून ती साऱ्या घराने करावयाची आहे.