रोख्यांवर आलेलं पाणी

प्रश्न : राज्याचं कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे गेलं. सातारा-सांगलीकरांनी घाबरावं का?

उत्तर : आकड्यापेक्षा पैसा कुठे मुरला ते पाहा. कृष्णेतलं राज्याच्या वाट्याचं पाणी वेळेत अडवण्यासाठी १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि शासनहमीच्या रोख्यांतून पैसा उभा राहिला. व्याज लगेच सुरू झालं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची कामं मात्र वर्षानुवर्षं रखडली. अर्धवट कालवा पीकही देत नाही, पाणीपट्टीही. मग कर्जच नको होतं का? तसं नाही, आटपाडी, कवठेमहांकाळच्या शिवारात आज याच योजनांचं पाणी फिरतं. चुकलं ते एकदम अनेक कामं काढून पैसा पातळ करणं. आजची महसुली तूट, म्हणजे उत्पन्नात न भागणारा चालू खर्च, मला जास्त खुपते : तिच्यासाठी काढलेल्या कर्जातून अर्धवट कालवासुद्धा मागे उरत नाही.