आफ्रिकेला निघण्याआधी: मार्गदर्शक पुस्तक निवडताना

केनिया-टांझानियाची सफारी हा बहुतेक घरांत आयुष्यात एकदाच होणारा खर्च असतो. विमान, हॉटेल, गाडी यांची चौकशी महिनोन्महिने चालते. मार्गदर्शक पुस्तक मात्र दुकानात समोर दिसेल ते उचललं जातं. खरं तर कोणत्या महिन्यात जायचं, कुठे किती रात्री राहायचं, कुणाला किती पैसे द्यायचे हे सगळे निर्णय त्या पुस्तकाच्या भरवशावर होतात. पूर्व आफ्रिकेत फिरताना आणि निघण्यापूर्वी पुस्तकं चाळताना माझी एक पद्धत पक्की होत गेली. ज्या गोष्टी आपल्याला आधीच ठाऊक आहेत, त्या पुस्तकाला विचारायच्या. तिथे ते खरं उतरलं, तर ठाऊक नसलेल्या गोष्टींसाठीही त्याच्यावर विसंबायचं. त्यातून हाती आलेले हे काही धडे.

१. अख्ख्या खंडाचं एकच पुस्तक घेऊ नये.
आफ्रिकेत ५४ देश आहेत. हजार पानांच्या जाड ग्रंथातही एका देशाच्या वाट्याला सरासरी वीसदेखील पानं येत नाहीत. तेवढ्यात राजधानी, दोन अभयारण्यं आणि चार हॉटेलं उरकली जातात. केनियाला जायचं असेल तर केनियाचं, टांझानियाला जायचं तर टांझानियाचं स्वतंत्र पुस्तक घ्यावं. दोन्ही देश करायचे असतील तर पूर्व आफ्रिकेपुरतं पुस्तक चालेल, पण टांझानियातल्या झांझिबार बेटाला किती पानं दिली आहेत ते आधी पाहावं.

२. मुखपृष्ठ सोडा, आवृत्तीचं पान उघडा.
मुखपृष्ठावर ‘नवी आवृत्ती’ लिहिलेलं असलं तरी आतली माहिती छपाईच्या निदान वर्षभर आधी गोळा केलेली असते. म्हणून मी दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी तपासते. पहिली, नैरोबी-मोंबासा रेल्वे. मे २०१७ अखेर या मार्गावर नवी स्टँडर्ड गेज गाडी सुरू झाली आणि रात्रभराचा प्रवास दिवसा पाच-सहा तासांवर आला. पुस्तकात अजून रात्रीच्या गाडीचंच वर्णन असेल तर ते तिथेच खाली ठेवावं. दुसरी, केनियाचा व्हिसा. जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना लागतो. तिसरी, रवांडातल्या गोरिलांचा परवाना. मे २०१७ मध्ये त्याचं शुल्क ७५० डॉलरवरून थेट १,५०० डॉलर झालं. अशी एक जुनी ओळ सगळ्या सहलीचा हिशेब कोलमडवू शकते. जुन्या पुस्तकांच्या दुकानातली आवृत्ती इतिहास आणि भूगोलासाठी जरूर घ्यावी. दर आणि नियमांसाठी ती वापरू नये.

३. लेखक कोण, हे वाचा.
चांगल्या पुस्तकात लेखकाची ओळख असते आणि तो त्या देशात किती फिरला आहे हे त्यातून कळतं. हिलरी आणि जॉर्ज ब्रॅड्ट यांनी १९७४ मध्ये सुरू केलेली ब्रॅड्ट ही प्रकाशनसंस्था आफ्रिकेतल्या एकेका देशावर स्वतंत्र पुस्तकं काढण्यासाठी ओळखली जाते. तिच्यासाठी फिलिप ब्रिग्ज यांनी टांझानिया, युगांडा, इथिओपिया, घाना अशा देशांवर वर्षानुवर्षं लिहिलं आहे. एकच माणूस त्याच रस्त्यांवर पुन्हा पुन्हा जातो, तेव्हा काय बदललं हे त्याला दिसतं. लोन्ली प्लॅनेटची पुस्तकं अनेक लेखक मिळून लिहितात. त्यांत शहरांचे नकाशे आणि वाहतुकीची माहिती भरपूर असते. दोन्ही प्रकार उपयोगाचे आहेत. ज्यात लेखकाचं नावच नाही, असं पुस्तक मात्र मी घेत नाही.

४. पावसाबद्दल पुस्तक काय म्हणतं?
आपल्याकडे सहली मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत निघतात, म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी फार मोलाचा आहे. पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ, तर नोव्हेंबर-डिसेंबरात लहान पाऊस. म्हणजे आपल्या मुलांच्या परीक्षा संपतात तेव्हा तिकडे रस्ते चिखलाचे झालेले असतात आणि काही तंबू-निवास बंद असतात. जे उघडे असतात त्यांचे दर मात्र उतरलेले असतात आणि गर्दीही नसते. प्राण्यांच्या स्थलांतरालाही महिना आहे. विल्डबीस्टची पिल्लं जानेवारीअखेर ते मार्चच्या सुमारास टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्याच्या दक्षिणेला, न्डुटूच्या परिसरात जन्मतात. मारा नदी ओलांडणारे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात दिसतात. एकाच सेरेंगेटीत कोणत्या महिन्यात कोणत्या टोकाला राहायचं, हे सांगणारं पुस्तक खरं. ‘वर्षभर केव्हाही या’ असं सांगणारं पुस्तक पर्यटकाला खूश करण्यासाठी लिहिलेलं असतं.

५. अंतर तासांत दिलं आहे का, ते पाहा.
टांझानियातल्या अरुशा शहराहून सेरेंगेटीच्या मध्यभागी सेरोनेराला जायला कागदावर सव्वातीनशे किलोमीटर दिसतात, पण गाडीत सात-आठ तास सहज जातात. सोबत आई-वडील असतील तर हा फरक फार मोठा ठरतो. नुसते किलोमीटर देणाऱ्या पुस्तकावरून दिवसांची आखणी करू नये.

६. पुस्तक कुणासाठी लिहिलं आहे, हे ओळखा.
बाजारातली बहुतेक पुस्तकं ब्रिटिश आणि अमेरिकन वाचकांसाठी लिहिलेली असतात. टांझानियाच्या पर्यटक व्हिसाला अमेरिकन नागरिकाला १०० डॉलर पडतात, आपल्याला ५०. पीतज्वराच्या लशीचंही तसंच. केनिया किंवा युगांडाहून परतताना प्रमाणपत्र नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, हे त्या पुस्तकांत क्वचितच सापडतं. लस घेतल्यानंतर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, म्हणून ही गोष्ट शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल पुस्तक वाचावं, पण घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांनाच विचारावं. शाकाहारी वाचकाने जेवणाचं प्रकरण खास बघावं. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), सुकुमा विकी (एक पालेभाजी), घेवड्याची उसळ, चपाती, भात असं पोटभर शाकाहारी जेवण गावोगावच्या खानावळीत मिळतं. हे लिहिणारा लेखक हॉटेलच्या बाहेर जेवलेला असतो.

७. वाईट गोष्टी सांगणाऱ्या पुस्तकावर जास्त विश्वास ठेवा.
झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये मागे लागणारे दलाल, ज्यांना तिथे ‘पपासी’ म्हणतात. अरुशाच्या रस्त्यावर स्वस्त सफारी विकणारी मंडळी. २००६ पूर्वीच्या डॉलरच्या नोटा न स्वीकारणारे विक्रेते. किलिमांजारोच्या ५,८९५ मीटर उंचीवर घाईने चढणाऱ्यांना होणारा त्रास. हे सगळं पुस्तकात स्पष्ट हवं. पाच दिवसांत शिखर गाठून देतो म्हणणाऱ्यांपेक्षा सात-आठ दिवसांचा मार्ग का बरा, हे समजावणारं पुस्तक तुमच्या जिवाची काळजी करतं.

८. माणसांची पानं मोजा.
प्राण्यांचे फोटो सगळीकडे असतात. लोकांचा इतिहास आहे का, ते पाहावं. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला भारतातून तीस हजारांहून अधिक मजूर नेले गेले आणि त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला आणि त्या जागी चर्च उभं राहिलं. स्थानिक लोक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. बसची वेळ विचारताना हे माहीत हवंच. यजमानांना नीट ओळखून घेणारा प्रवासी चांगला पाहुणा ठरतो, आणि पुस्तकाने त्याला तेवढं तयार करायला हवं.

९. छापील पुस्तकावर थांबू नका.
व्हिसा, उद्यानशुल्क आणि लशीचे नियम निघण्याच्या महिनाभर आधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा तपासावेत. ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारने परदेशी पाहुण्यांना तिथला विमा सक्तीचा केला. त्याआधी छापलेल्या कोणत्याही पुस्तकात तो असणार नाही. यात पुस्तकाचा दोष नाही. देश समजून घ्यायला पुस्तक आणि आजचा नियम पाहायला संकेतस्थळ, अशी वाटणी ठेवावी.

चांगलं पुस्तक सफारीच्या एका दिवसाच्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्त असतं, पण उशिरा घेतलं तर त्याचा निम्मा उपयोग वाया जातो. म्हणून आग्रहाने सांगते: महिना ठरवण्याच्या आणि आगाऊ रक्कम भरण्याच्या आधी पुस्तक विकत घ्या, घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचा आणि मगच बुकिंग करा.