ट्रॅक्टरचा सेल्फ, मोटारसायकलची ठिणगी आणि तर्कशास्त्र

कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात ट्रॅक्टरच्या सेल्फवर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे, आणि जुना ट्रॅक्टर किंवा वडिलांची बुलेट, येझ्दी अजूनही दारात उभी आहे. शिवाय हा विषय तर्कशास्त्राच्या अगदी जवळचा आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या, त्यांपैकी व्यतिरेक पद्धती आपण परीक्षेपुरती पाठ करतो. इतर सर्व परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट बदलावी व परिणाम बदलतो का ते पाहावे, एवढेच तिचे सार. गॅरेजात हा नियम रोज मोडला जातो, आणि त्याचा दंड शेतकरी रोख भरतो.

नेहमीचेच उदाहरण घेऊ. वाफसा आलेला आहे, पेरणी दोन-तीन दिवसांत उरकायची आहे, आणि ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता कण्हतो. ‘बॅटरी गेली’ असा निकाल कोणीतरी देतो. नवी बॅटरी येते. ती बसवताना क्लॅम्पवर साचलेला पांढरा-हिरवा थर खरवडला जातो, बोल्ट घट्ट आवळले जातात, आणि इंजिन झटक्यात चालू होते. जुनी बॅटरीच वाईट होती हे सिद्ध झाले, असे सर्वांना वाटते. वास्तविक येथे दोन गोष्टी एकदम बदलल्या : बॅटरी आणि सांधा. यश कोणाचे, हे या प्रयोगावरून मुळीच सांगता येत नाही. जुनी बॅटरी मात्र मोडीत जाते.

‘दिवे तर लख्ख लागतात, मग वायरिंगमध्ये दोष कसा?’ हा दुसरा युक्तिवादही असाच फसवा. दिव्याला फार तर चार-पाच अँपिअर प्रवाह लागतो. ट्रॅक्टरचा सेल्फ शेकड्यांनी अँपिअर ओढतो. समजा, गंजलेल्या सांध्याचा रोध ओमचा केवळ शंभरावा भाग आहे. दिव्याच्या पाच अँपिअरला तेथे ०.०५ व्होल्ट खर्ची पडतात. ते डोळ्याला कळतही नाहीत. परंतु २०० अँपिअर जाऊ लागले की ओमच्या नियमाप्रमाणे त्याच सांध्यात २ व्होल्ट गडप होतात. २ व्होल्ट गुणिले २०० अँपिअर म्हणजे ४०० वॅट उष्णता. एखाद्या लहान शेगडीइतकी. म्हणूनच जुने मिस्त्री दोन-तीनदा सेल्फ मारून लगेच एकेका सांध्याला बोट लावून पाहतात. जो तापला तो चोर. या युक्तीला एक पैसाही लागत नाही.

डिझेल ट्रॅक्टरच्या बाबतीत घोटाळा आणखी वाढतो. महिंद्र कंपनीने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ साली भागीदारी केली आणि त्यातून बी-२७५ हा ट्रॅक्टर आपल्याकडे आला. या किंवा अशा कोणत्याही डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही कमी जागेत दाबली जाते, ती तापते आणि डिझेल पेट घेते. इंजिन रेंगाळत फिरले तर दाबलेली हवा सिलिंडरच्या भिंतींना उष्णता देऊन बसते, काही हवा रिंगांमधून निसटते, आणि डिझेल पेटत नाही. धुराड्यातून पांढरा धूर येतो व सारे पंप आणि नोझल खोलायला धावतात. दोष मात्र क्लॅम्पमध्ये! ट्रॅक्टर रात्री उतारावर लावून ठेवण्याची पद्धत गावोगाव दिसते, तिचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

सेल्फचा आवाज नीट ऐकावा. ‘टकटकटक’ असा भराभर आवाज येत असेल तर सेल्फवरच्या मॅग्नेटिक स्विचचा दांडा ओढला जातो, पण मोटरने प्रवाह घेताच व्होल्ट कोसळतात आणि दांडा सुटतो. बॅटरी किंवा सांधा तपासावा. एकच ‘टक’ होऊन शांतता पसरली तर स्विचमधील तांब्याचे संपर्क जळले असावेत किंवा मोटरचे कार्बन झिजले असावेत. काहीच आवाज नसेल तर चावीपासून स्विचपर्यंतची बारीक वायर पाहावी. काही ट्रॅक्टरांत गिअर न्यूट्रलला नसेल तर प्रवाह तोडणारा स्विच असतो, तोही पाहावा. त्याच वेळी हेडलाइट लावून ठेवावा. सेल्फ मारताच तो विझत आला तर बॅटरीत दम नाही किंवा जवळचा सांधा कच्चा आहे. तो तसाच लख्ख राहिला तर प्रवाह सेल्फपर्यंत गेलाच नाही.

मल्टिमीटर असेल तर अनुमानाची गरजच उरत नाही. गिअर न्यूट्रल, ब्रेक लावलेला, इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरलेली. मग मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकावर (क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या टोकावर) आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर धरून सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. मीटरने अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखवले तर चोरी त्याच वाटेवर आहे. हीच परीक्षा ऋण टोक आणि सेल्फचे अंग यांच्यामध्ये करावी. अर्थिंगकडे लोक बघतच नाहीत. दसऱ्याला हौसेने नवा रंग मारताना अर्थिंगच्या बोल्टखालीही रंग गेलेला असतो! दोन्ही वाटा चोख असतील आणि तरीही सेल्फ फिरताना बॅटरीच्या टोकांवर साडेनऊ व्होल्टच्या खाली आकडा गेला, तर तिला आधी पुरेसे चार्ज करून पुन्हा पाहावे. (स्वस्थ असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.) तरीही आकडा कोसळला, तरच तिला दोषी ठरवावे.

स्क्रूड्रायव्हरने सेल्फचे दोन बोल्ट जोडून खाली उभ्याउभ्या इंजिन चालू करण्याची सवय मात्र जीवघेणी आहे. या मार्गाने न्यूट्रलचा स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो चालू होताच मागच्या चाकाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर जातो.

जुन्या मोटारसायकलीत सुरुवात किकने होते. तेव्हा तेथे प्रश्न ठिणगीचा. म्हैसूरची येझ्दी (तिचा कारखाना १९९६ साली बंद झाला) किंवा पॉइंटची बुलेट यांत कॉइलमधून वाहणारा प्रवाह पॉइंट तोडतात, आणि तो तुटण्याच्या क्षणी हजारो व्होल्टांची ठिणगी निघते. पॉइंट जुळताना नव्हे, सुटताना. हे ध्यानात आले की निम्मा उलगडा होतो. बुलेटच्या हेडलाइटवरील अँपिअरमीटर येथे फार उपयोगी. चावी देऊन किक हळूहळू दाबावी. पॉइंट जुळले की काटा डिस्चार्जकडे झुकतो, सुटले की मध्यावर येतो. काटा हललाच नाही तर पॉइंट काजळलेले आहेत किंवा वाटेत वायर तुटली आहे. सतत झुकलेलाच राहिला तर पॉइंट उघडतच नाहीत किंवा त्यांची वायर कुठेतरी अंगाला लागली आहे. लुनासारख्या फ्लायव्हील मॅग्नेटोच्या गाडीत ठिणगीसाठी बॅटरीच नसते, म्हणून हा प्रश्न तेथे सोपा होतो.

पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून, स्वच्छ कापडाने पुसून, पूर्ण उघडलेल्या स्थितीत फटीत फिलर गेज घालावा. बुलेटसाठी सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फट बदलली की टायमिंगही सरकते, ते पुन्हा जुळवावे लागते.

गाडी थंड असताना उत्तम चालते, पाच-सात किलोमीटरनंतर फडफडून बंद पडते आणि निवली की पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल व पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडत असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. येथे व्यतिरेक पद्धती शब्दशः वापरता येते. जुन्या कंडेन्सरची वायर सोडवावी. दुसरा, चांगला असल्याची खात्री असलेला कंडेन्सर बाहेरूनच जोडावा : त्याची वायर पॉइंटच्या वायरला, त्याचे अंग इंजिनच्या उघड्या धातूला. प्लग, कॉइल, फट, पेट्रोल यांपैकी कशालाही हात लावू नये, आणि गाडी त्याच रस्त्याने तितकीच तापवून आणावी.